तिरके पाते

एकदा एका वृद्ध सुताराकडे त्याची पुतणी काम शिकायला राहिली. सुताराची रीत तिला विचित्र वाटे. रोज सकाळी तो लाकूड तासायच्या प्रत्येक रंध्याच्या मागच्या टोकावर ठोका मारून पाते पूर्ण आत घेई आणि मग हलक्या हाताने केसाएवढे पुन्हा बाहेर काढी.

"काका, काल छान लागलं होतं की. बिघडवलंत कशाला?"

"लाकूड कालचं आहे का?" एवढेच तो म्हणे.

एका रंध्याला मात्र तो कधी ठोका मारत नसे, वापरतही नसे. तेलाचे फडके फिरवून परत फळीवर ठेवी. मुलीने दोनदा विचारले. "राहू दे तो," एवढेच उत्तर मिळाले.

एके दिवशी म्हातारा वखारीत गेला असता तिच्या रंध्याची धार गेली. तिने फळीवरचा रंधा काढला, उलटा करून डोळ्यासमोर धरला. पाते एका बाजूला जास्त बाहेर होते. "मला शिकवतात, आणि स्वतःचं पातं तिरकं!" असे पुटपुटत तिने दोन ठोक्यांत ते सरळ केले.

परतल्यावर म्हाताऱ्याने तो रंधा पाहिला आणि उलटा करून पात्यावरून बोट फिरवले.

"सरळ केलंस?"

"मग? तिरकं होतं."

"माझ्या मुलाचा रंधा तो. डावखुरा होता. त्याच्या हाताचा भार एका बाजूला पडे, म्हणून पातं तसं लावायचा. डाव्या हातानं कुठे सुतारकाम होतं का, म्हणत मी चारचौघांत त्याच्या हातावर पट्टी मारली. तो घर सोडून गेला. आठ वर्षांनी शहरातून त्याची हत्यारांची पेटी आली. तो तापात गेला होता. रंधा उलटा करून पाहिला तेव्हा कळलं, पोरगा शेवटपर्यंत डाव्या हातानंच काम करत होता. त्याच्या हाताची तेवढीच खूण उरली होती."

मुलीचे डोळे भरले, पण राग आवरला नाही. "मग सांगायचं होतंत ना, काका! नुसतं 'राहू दे' काय? त्याचं ऐकून घेतलं नाहीत, मलाही काही सांगितलं नाहीत."

म्हाताऱ्याने रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, "खरं आहे. लाकूड बदललं की मी पातं बदलत आलो. पोराचा हात वेगळा आहे, एवढं मात्र मला सोसलं नाही. पातं मागे घेता येतं पोरी, पट्टी नाही."

तिने रंधा उचलला. "पुन्हा तसंच लावते. किती तिरकं होतं?"

त्याने डोळे मिटले. रोज पाहिलेले ते पाते त्याला नेमके आठवेना.

"आता तुझ्या हाताला लाव," तो म्हणाला.

तिने लावले. पहिलीच ढलपी पातळ, अखंड निघाली. म्हाताऱ्याने ती उचलली आणि ओंजळीत धरून बसून राहिला.

शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याचा हात आधी पाहावा. आणि जे बोलायचे ते तो हात समोर असेपर्यंत बोलावे.