काढण्याआधीचं सोल्डर

एकदा एका गुरूने आपल्या शिष्येला सांगितलं, "जे काढायचं आहे, त्याच्यावर आधी आणखी लाव." शिष्येला वाटलं, म्हातारा आता थकला. तुम्हालाही तसंच वाटेल, म्हणून गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत आश्रम नाही, पिंपळ नाही आणि दाढीवाले ऋषी तर मुळीच नाहीत. ज्ञान काय फक्त झाडाखालीच मिळतं? आमचे गुरू म्हणजे गुरव मास्तर. आयुष्यभर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, निवृत्त झाले, आणि पेठेच्या मागच्या बोळात एवढासा गाळा घेऊन दुरुस्तीचं दुकान थाटलं. अंगात बनियन, कपाळावर चढवलेलं भिंग, टेबलाच्या एका बाजूला स्वतःची खुर्ची आणि समोर दुसरी. ही दुसरी खुर्ची कितीतरी वर्षं रिकामी होती. मास्तर तिच्यावर रद्दी ठेवायचे.

ती रद्दी उचलली गेली दोन वर्षांपूर्वी. उज्ज्वला नावाची एक बाई दुकानात येऊन म्हणाली, "मास्तर, मला हे काम शिकवाल?" वय पस्तिशीचं. नवरा वर्षापूर्वी तापाचं निमित्त होऊन गेलेला, मूलबाळ नाही. मास्तरांनी काही विचारलं नाही. एका कागदावर राईएवढे पन्नास सुटे भाग ओतले, हातात चिमटा दिला आणि म्हणाले, "हे सगळे एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून मांड." तिला दुपार लागली. पण हात थरथरला नाही आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही. मास्तर म्हणाले, "उद्यापासून ये."

हात न थरथरणं हा गुण होता. पण एक शब्द न निघणं, त्याचा मात्र मास्तरांनी तेव्हाच विचार करायला हवा होता.

कारण घरीही तेच चाललेलं. घरात ती आणि तिची सासू. सासूला ती आत्या म्हणायची. नवरा होता तोवर त्या सासू-सुना होत्या. तो गेल्यावर आता आपण एकमेकींच्या कोण, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. भांडण म्हणाल तर कधीच नाही. दोन माणसं, दोन ताटं, आणि मध्ये नळाचं पाणी पडल्याचा आवाज. अशा घरात राहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. बाकीच्यांनी देवाचे आभार मानावेत.

आत्यांना ऐकू कमी यायचं, आणि हल्ली दिसायचंही अंधुक. पोलक्याच्या खिशात ठेवायचं, वायर कानाला जाणारं, जुन्या पद्धतीचं मशीन त्या वापरत. दिवाळीत ते बंद पडलं. "उद्या बघते," असं खुणेनं सांगून उज्ज्वलानं ते दुकानात नेलं आणि आपल्या खणात टाकलं. त्याच आठवड्यात तिला दूरच्या शहरातल्या एका कारखान्यातून नोकरीचं पत्र आलं. होळी झाली की मंगळवारी हजर व्हायचं. राहायला जागासुद्धा मिळणार होती.

आणि इथे उज्ज्वलानं, चांगली हुशार बाई, एक ठोकळ हिशेब मांडला. जायचंच आहे, तर आतापासूनच अंतर ठेवावं. बोलणं कमी करावं. त्यांना सवय होईल, आपल्यालाही होईल, निघताना रडारड होणार नाही. मशीन बंद होतं ते तिच्या पथ्यावरच पडलं. ऐकू येत नाही त्या माणसाशी बोलायचं तरी काय? हळूहळू तिनं ओठ हलवणंही सोडलं. जेवताना आत्या मधूनच मान हलवत, "हं, हं" करत. उज्ज्वलाला वाटे, म्हातारपण, भ्रम व्हायला लागला असेल. तिनं आत्यांच्या मुलीला, म्हणजे आपल्या वन्संना, तसं सांगितलंही. वन्सं जवळच राहत. मी गेल्यावर तुम्ही येऊन-जाऊन बघा आणि मी गेले हेही तुम्हीच आत्यांना सांगा, असं दोघींचं ठरलं. आत्यांना यातलं काही माहीत नव्हतं. चार महिने असे गेले.

निघायच्या आधीचा गुरुवार. दुकानात आल्याआल्या उज्ज्वलानं खणातून ते मशीन काढलं.

"मास्तर, एवढं एक काम उरकून टाकते."

"उरकून," मास्तर म्हणाले. तेवढंच म्हणाले.

तिनं मशीन उघडलं. आतल्या छोट्या बोर्डावरची आवाज वाढवणारी चिप जळली होती. भाताच्या दोन शितांएवढी चिप, दोन्ही बाजूंना चार-चार पाय, आणि प्रत्येक पाय खालच्या तांब्याच्या इवल्याशा चकतीवर सोल्डरनं, म्हणजे वितळवून लावलेल्या धातूच्या डाखानं, बसवलेला. या चकतीला कारागीर पॅड म्हणतात. तसली दुसरी चिप मास्तरांच्या डबीत निघाली. आता जुनी काढायची, नवी बसवायची, झालं. उज्ज्वलानं सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि एका बाजूच्या पायांवर टेकवलं. सोल्डर जुनं, मळकट, काही केल्या वितळेना. तिनं चिपखाली सुईचं टोक घातलं आणि उचललं.

टक् असा बारीक आवाज झाला. चिपचा एक कोपरा वर आला आणि त्याच्यासोबत खालचा पॅडही बोर्डापासून सुटून वर आला.

"मेले!" उज्ज्वला म्हणाली. दोन वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. बोर्ड जुना, असा दुसरा मिळणार नाही. गेला तर आत्यांचं मशीन कायमचंच गेलं.

मास्तरांनी भिंग डोळ्यांवर ओढलं. रागावले नाहीत. "का ओढलंस?"

"वितळतच नाही हो, मास्तर. किती वेळ धरू?"

मास्तरांनी नव्या सोल्डरच्या तारेचं रीळ तिच्यापुढे सरकवलं. "आधी हे लाव. आठही पायांवर. हात आखडू नकोस."

"अहो, मला काढायचंय! लावू कशाला आणखी?"

"काढायचंय म्हणूनच."

मघाशी म्हटलं ना, शिष्येला वाटलं म्हातारा थकला, ते इथे. दोन वर्षं तिनं मोबाइलच्या चिपा काढल्या होत्या त्या गरम हवेच्या गननं. असला अडून बसलेला जुना बोर्ड तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. पण शिष्या खरी, तिनं ऐकलं. पायांवर सोल्डर वाहतं करणाऱ्या फ्लक्सचा थेंब सोडला, नवी तार लावली. मास्तरांनी गरम हवा खालून मंद सोडली आणि सगळा बोर्ड हाताला कोमट लागेपर्यंत तिला थांबवून ठेवलं. मग ती आयर्न एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला फिरवू लागली. मळकट सोल्डर नव्यात मिसळलं, चकाकलं, दोन्हीकडे पातळ झालं. तिनं चिमटा नुसता टेकवला, आणि चिप पाण्यावरच्या पानासारखी सरकून बाजूला आली. सात पॅड जिथल्या तिथे, स्वच्छ. आठव्याच्या जागी मात्र खरवडल्यासारखा डाग.

उज्ज्वला बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली. "असं का होतं, मास्तर?"

मास्तरांनी भिंग कपाळावर सरकवलं.

"जुनं सोल्डर कडक असतं, उज्ज्वला. त्याच्यात ऊब शिरत नाही. नवं मिसळलं की तेही मऊ पडतं, मग ओढायला लागत नाही. विलग व्हायचं असेल ना, तर आधी नीट मिसळावं लागतं. गार असताना ओढून काढलेलं, खालचं कातडं घेऊन निघतं." मग त्यांनी तिच्या खणाकडे बोट दाखवलं. "हे मशीन दिवाळीपासून तुझ्या खणात आहे. खण मी रोज झाडतो. कोणाचं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

उज्ज्वलानं आयर्न बाजूला ठेवलं.

"माझा मिलिंद दुबईला निघाला तेव्हा मीही हेच केलं. आठ दिवस आधीपासून बोलणं तोडलं. म्हटलं, त्यालाही सोपं, मलाही सोपं. तो निघाला त्या दिवशी मी वर्गावर गेलो, पोरांचं प्रॅक्टिकल घेतलं. सोळा वर्षं झाली. फोन येतो, नाही असं नाही. बरा आहेस ना, हो बरा आहे, संपलं. त्याला काय बोलावं सुचत नाही, मला तर नाहीच नाही. पुन्हा टाका द्यायचा म्हटलं, तर जागाच उरली नाही. माझ्यात अक्कल नव्हती म्हण, दुसरं काय."

त्यांचे डोळे भरून आले होते. ते त्यांनी लपवले नाहीत, आणि आपणही लपवू नयेत.

मग दोघं कामाला लागली. उखडलेल्या पॅडकडे जाणारी तांब्याची रेघ मास्तरांनी पात्याच्या टोकानं थोडी खरवडून उघडी केली. उज्ज्वलानं नवी चिप ठेवली. आधी कोपऱ्यातला एक पाय टेकवला, सरळ आहे ना बघितलं, मग बाकीचे. शेवटी आठव्या पायापासून त्या रेघेपर्यंत केसाएवढी तार जोडली. "चालेल हे," मास्तर म्हणाले. "पण अशी तार जोडता येते म्हणून कोणी पॅड उखडत नसतं."

ती घरी पोचली तेव्हा उन्हं उतरत होती. आत्या ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. उज्ज्वलानं त्यांच्या खिशात मशीन ठेवलं, कानात वायर बसवली, आवाजाचं चाक थोडं वर केलं.

"आत्या, ऐकू येतंय?"

आत्या दचकल्या. हातातली जुडी खाली पडली. "अगंबाई! केवढ्यानं बोलतेस!" आणि हसल्या. मग तिच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "बरं झालं बाई. चार महिने तू एवढं बोलत असशील आणि माझ्या कानात एक अक्षर शिरत नव्हतं. जेवताना मी आपली अंदाजानं मान हलवायची. म्हटलं, पोर बोलतेय, हिला वाटायला नको की म्हातारीचं लक्ष नाही."

उज्ज्वलानं पडलेली जुडी उचलली. चार महिन्यांतली सगळी जेवणं तिच्या डोळ्यांपुढे आली. समोरचं ते हलणारं डोकं, ते "हं, हं." एका शब्दालाही ते उत्तर नव्हतं, कारण शब्दच नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती रडली. गेल्या तीन वर्षांत रडली नव्हती तशी, मोठ्यानं. आत्यांना ते सगळं ऐकू येत होतं.

"मी सोमवारी जाणार आहे आत्या," ती म्हणाली. "नोकरीला. लांब. तुम्हाला न सांगता जाणार होते."

आत्यांनी ऐकलं. थोडा वेळ मेथीच्या काड्या चाचपत राहिल्या. मग खिशात हात घालून त्यांनी आवाजाचं चाक शेवटपर्यंत वर केलं.

"नीट सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. मला घाई नाही."

गुरुवार गेला, शुक्रवार, शनिवार, रविवार गेला. त्या दोघी काय काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. सोमवारी एसटी स्टँडवर मात्र दोघी होत्या. रडारड झाली. जी टाळण्यासाठी चार महिने खर्ची घातले होते, ती सगळी झाली. गाडी सुटली तेव्हा आत्या खिडकीबरोबर चार पावलं चालत गेल्या, आणि खिडकीतून उज्ज्वला ओरडून सांगत होती की शनिवारी फोन करीन, मशीन घालून बसा.

आता एवढं झाल्यावर एकटेपण गेलं का? कुठलं जातंय. घर रिकामंच होतं. म्हणून आत्या स्टँडवरून सरळ घरी गेल्या नाहीत. विचारत विचारत पेठेच्या मागच्या बोळात आल्या. मास्तर दुकानात एकटेच होते. समोरच्या खुर्चीवर पुन्हा रद्दी ठेवावी, म्हणून ती हातात घेऊन उभे होते.

"मास्तर तुम्हीच ना?" आत्यांनी मशीन टेबलावर ठेवलं. "यातला सेल उतरलाय का, जरा बघता?"

मास्तरांनी रद्दी खाली, जमिनीवर ठेवली. आत्या खुर्चीवर बसल्या. सेल अगदी नवा होता, हे दोघांनाही माहीत होतं. मास्तरांनी तो काढला, मीटरला लावला, आणि सावकाश, फार सावकाश तपासला.