हातातलं खोरं

सन एकोणीसशे सत्त्याहत्तर, चैत्र वद्य. ज्वारी खळ्यातून घरात आलेली, माती उन्हानं तापलेली. त्या दिवसांत एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध वस्ताद आणि त्यांचा एक शिष्य यांच्यात जे घडलं, ते सांगतो.

शिष्य मामलेदार कचेरीत कारकून होता. सकाळी तालमीत घाम गाळायचा आणि दिवसभर कचेरीत. एक टेबल स्वतःचं, दोन सोबत्यांची, अशी तीन टेबलं तो ओढायचा. अव्वल कारकुनाची जागा तीनदा रिकामी झाली. तिन्ही वेळा मागाहून लागलेला कुणीतरी तिथं बसला. साहेब याची पाठ थोपटून म्हणायचे, "तुला हलवलं तर कचेरी बसेल रे!"

चौथ्यांदा जागा रिकामी झाली तेव्हा तो वस्तादांकडे आला.

"वस्ताद, साहेबांनी या खेपेलाही नुसता शब्द दिलाय."

वस्ताद म्हणाले, "रविवारी जत्रेचा फड आहे. लंगोट लावून ये. तुझी कुस्ती लावतो. माझा शब्द."

रविवारी तो आला. वस्तादांनी त्याच्या हाती खोरं दिलं. "जरा माती उकर." त्यानं उकरली. "पाणी मार." मारलं. मग प्रत्येक कुस्तीनंतर माती सारखी करायला त्यालाच हाक. कालची पोरं कुस्त्या मारून नारळ घेऊन गेली. काठावरून कुणी ओरडलं, "कारकून, फायली संपल्या म्हणून माती उपसायला आलास व्हय!" लोक हसले. तो मान खाली घालून माती ओढत राहिला.

ऊन कललं. हलगी सैल पडली. तो काठाशी आला.

"वस्ताद, माझी जोड?"

"फड संपत आला."

"तुम्ही शब्द दिला होता!"

"दिला होता. तुझ्या साहेबानंही दिलाय."

शिष्य संतापला. "मग दिवसभर मला राबवलंत कशाला?"

"तू राबलास म्हणून," वस्ताद म्हणाले. "खोरं मी एकदाच दिलं. तू ते एकदाही खाली ठेवलं नाहीस. माती चांगली निघत होती, मग तुला कुस्तीला कशाला सोडू? राबणाऱ्याला जागचा न हलवण्यात सगळ्यांची सोय असते. दिलेला शब्द हे देणं आहे. देणेकरी आपण होऊन तुझं दार वाजवायचा नाही. वसुलीला तूच जायचं, आणि मोकळ्या हातानं जायचं. खोरं धरलेल्या हातात कोण हात देईल?"

शिष्यानं खोरं मातीत रोवलं. हात वर केला आणि फडाला फेरी मारू लागला. जोड मागायची हीच रीत. पहिल्या फेरीला लोक हसले. दुसऱ्या फेरीला शेजारच्या गावचा एक तगडा गडी आत उतरला. वस्तादांनी स्वतः उठून दोघांचे हात मिळवले. कुस्ती दिवस मावळेतो चालली आणि बरोबरीत सुटली.

सोमवारी त्यानं दोन टेबलांच्या फायली ज्यांच्या त्यांच्यापुढे नेऊन ठेवल्या. "हे तुमचं."

साहेब कडाडले, "अरे, कामं अडतील!"

"अडू द्या, साहेब. चाललेलं काम कुणाला दिसत नाही."

"गोपनीय अहवालात शेरा मारीन."

"मारा. माझं टेबल साफ आहे, येऊन बघा. आणि कलेक्टरांकडे अर्ज केलाय. मला का डावललं, ते आता लेखी सांगा."

शेरा बसला. ती जागाही दुसऱ्याला गेली. सोबती बोलेनासे झाले. तो आपलं एक टेबल चोख ठेवत राहिला आणि अर्जाचं काय झालं ते विचारायला जिल्ह्याच्या फेऱ्या मारत राहिला.

पुढच्या चैत्रात हुकूम आला. पहिल्या खेपेला डावललं त्या तारखेपासून तो अव्वल कारकून.

देणं फिटलं.