हाकेचा खडक

दोन चंद्रांच्या या ग्रहावर आपली माणसं पहिल्यांदा उतरली ती याच खाडीत. खाडीच्या तोंडाशी तो काळा खडक एकटाच उभा आहे ना, त्याला हाकेचा खडक म्हणतात. पाहुण्यांना होडीतून तिथे नेतात, पण बोलू देत नाहीत.

त्या काळी या पाण्यात आंधळा असायचा, असे सांगतात. तीन होड्यांएवढा लांब, डोळे नसलेला, आवाजावर शिकार करणारा. वल्ह्याचा आवाजही त्याला कळे, पण माणसाचा आवाज आला की बाकी सगळं सोडून तो तिकडे धावे म्हणे.

एका संध्याकाळी दाट धुकं उतरलं आणि आंधळा नेमका खाडीच्या तोंडाशी येऊन पडला. गावातले पुरुष आपापल्या होड्या घेऊन बाहेर समुद्रात होते. परतायची वाट तेवढी एकच. त्यांच्यातल्याच एकाची बायको चांगुणा खडकाकडे पोहत जायला निघाली, तेव्हा तिच्या जावेने तिचा हात धरला.

"अगो, तुला गिळेल तो!"

"मी गप्प बसले तर त्यांना गिळेल."

खडकावर चढून ती ओरडू लागली. काय ओरडायचं याचा विचार तिने केलाच नव्हता. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, म्हणून घरातली रोजचीच हाक तोंडून गेली, "अहोऽऽ!"

आंधळा वळला आणि खडकाला धडका देऊ लागला. तिकडे एकेक होडी गुपचूप आत सरकू लागली. मधल्या एका होडीत तिचा नवरा भिवाजी होता. बायकोने हाक मारली की ओ द्यायची, ही त्याची जन्माची सवय. धुक्यातून तिचा आवाज आला आणि बिचारा बोलून गेला, "ओ!"

चांगुणेने ते ऐकलं. मग पाणी खळबळल्याचं ऐकलं, आणि मग काहीच नाही.

पण मागे अजून होड्या होत्या. ज्याला आता ओ देता येणार नव्हती त्यालाच ती घसा फुटेपर्यंत हाका मारत राहिली. आंधळा परत तिच्याकडे आला. बाकी सगळे घरी पोचले.

ती पुढे पुष्कळ जगली. गावाने तिला काही कमी पडू दिलं नाही, पण तिने पुन्हा कधी कुणाला हाक मारली नाही. फार एकटी पडली बिचारी.

आजही या गावात हाकेला कुणी ओ देत नाही. नवख्याला तो ताठा वाटतो. पण हाक ऐकली की इथला माणूस हातातलं काम टाकून चालत येतो, हाक मारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि मगच हळू आवाजात म्हणतो, "आलो."