हाक घालणाऱ्याचं पान

“पण बुवा, सगळ्यांच्या आधी हा का जेवतो?”

डॉ. तेंडोलकरांनी हे विचारलं तेव्हा बाबल भातावर दुसऱ्यांदा कढी ओतून घेत होता.

टेकडीवरच्या त्या मठाची रीतच तशी होती. खाली काजूच्या बागेत राबणाऱ्यांना जेवायला हाक घालायची ती बाबलने, आणि हाक घालण्याआधी पान वाढायचं ते बाबलचं. मठाधिपती नारोबुवांचंसुद्धा नंतर.

बुवा हसले. “त्यालाच विचारा.”

“रिकाम्या पोटान घातलेली हाक त्या फणसापर्यंतच जाता, डॉक्टरांनू,” बाबल भरल्या तोंडाने म्हणाला.

डॉक्टर नुसतं ‘हं’ म्हणाले. पदार्थविज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे काही उत्तर वाटेना.

“तुम्हीही बसा,” बुवा म्हणाले.

“काम झाल्याशिवाय घास उतरायचा नाही.”

काम असं होतं. नारोबुवांच्या आधीच्या थोरल्या बुवांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या भजनांच्या कॅसेटींना बुरशी लागली तेव्हा डॉक्टरांनी तो आवाज कसाबसा वाचवून संगणकाच्या दोन स्टोरेज पेट्यांत साठवून ठेवला. दोन्ही पेट्यांना मिळून बॅटरी एकच. वीज गेली की बॅटरीने पहिल्या पेटीला कळवायचं, पहिलीने दुसरीला, आणि बॅटरी संपायच्या आत दोघींनी नीट आवरून झोपायचं. आवरण्याआधीच वीज तुटली, तर आवाज कायमचा जायची भीती. कॅसेटी तर आता वाजतही नव्हत्या.

“जोडलंत ना सगळं?”

“जोडलंय.”

“मग?”

“वीज तोडून बघायचं राहिलंय... पण काही चुकलं असलं तर? माहितीपत्रक पुन्हा एकदा वाचतो.”

“काल वाचलंत.”

“काल घाईत वाचलं.”

“परवा?”

“परवा चष्मा जुना होता.”

बुवा उठले. पेट्यांच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या मेन स्विचची दांडी धरली...

खट्.

पंखा थांबला.

“बुवा! अहो, काय केलंत हे!”

बॅटरी टीं-टीं करू लागली. डॉक्टरांनी दाराची चौकट घट्ट धरली.

पहिल्या पेटीचा दिवा लुकलुकला, मंदावला, विझला. गुणी मुलासारखी झोपली. दुसरी मात्र आपली घुमतच राहिली, जणू तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

“बघा! मी म्हणत होतो ना? मला यातलं काही म्हणजे काही येत नाही!”

बुवांचं तिकडे लक्षच नव्हतं. मुंग्यांची रांग बघावी तसे ते खाली वाकून बघत होते. दोन पेट्यांच्या मधे नेटवर्कची एक छोटी डबी होती. एकीचा निरोप दुसरीला तीच पोचवी. मघाशी तिच्यावर हिरवे दिवे नाचत होते. आता ती काळीठिक्कर पडली होती.

“ही का गप्प?”

“तिला... वीज नाही.”

“त्या दोघींना आहे.”

“त्या बॅटरीवर आहेत. हिचा प्लग भिंतीत. म्हटलं, एवढीशी तर डबी, नुसता निरोप द्यायचा, तिला कशाला...”

डॉक्टरांनी त्या काळ्या डबीकडे पाहिलं.

ओसरीवरून बाबलची तृप्त ढेकर ऐकू आली.

...

आधी डॉक्टरांच्या खांद्यांना हसू फुटलं, मग पोटाला. डोळे पुसत पुसत त्यांनी दांडी वर केली, पहिल्या पेटीला उठवलं, आणि डबीचा प्लग भिंतीतून काढून बॅटरीत खोचला.

बुवांचा हात पुन्हा दांडीकडे गेला.

“थांबा! या वेळी मी.”

खट्.

बॅटरीने कळवलं. डबीचे हिरवे दिवे नाचत राहिले. दुसरी पेटी आवरून झोपली, आणि ती झोपल्यावर मग पहिली.

दांडी वर केल्यावर वीज परत आली. पेट्या जाग्या झाल्या. डॉक्टरांनी एक भजन लावलं. थोरले बुवा खाकरले, “हं... धरा टाळ,” म्हणाले, आणि तो भरदार आवाज खोलीतून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात गेला. नारोबुवांचे हात आपोआप जुळले.

बाहेर बाबल हाक घालायला कठड्याशी उभा राहिला होता.

“बाबल, थांब रे. आज हाक डॉक्टर घालणार.”

डॉक्टर पोरासारखे कठड्याकडे धावले. दोन्ही हात तोंडाशी नेऊन छाती भरून श्वास घेतला...

बुवांनी मागून त्यांचा सदरा धरला.

“आधी पानावर बसा. कढी वाढतो.”