येसूआत्याच्या होडीचा कल

लई जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा वाकडी नदीवर पूल नव्हता आणि पुलाच्या टेंडरवरून भांडणारेही जन्मले नव्हते. अलीकडे कुसळी गाव, पलीकडे मत टाकायची पेटी, आणि मधे येसू भोईणीची होडी. सगळं गाव तिला आत्या म्हणे. नवरा गेला तेव्हा मागं एवढी होडीच उरली होती. येसूआत्या तिला लेकीसारखं तेल पाजायची.

कुसळीत माणसं दोन वाणांची. वरच्या आळीचं निशाण छत्री, खालच्या आळीचं घागर. छत्रीवाले घागरीतलं पाणी पीत नसत आणि घागरवाले मुसळधारेतही छत्री उघडत नसत, असं म्हणतात. पण खरी गंमत मताच्या दिवशी. होडी एकच! "त्यांच्या मांडीला मांडी लावून बसू? मेलो तरी नाही!" म्हणून घागरवाले घरी बसत. ते बघून छत्रीवाले म्हणत, "ते येत नाहीत ना? मग जिंकलोच की आपण!" आणि तेही चादर ओढून घोरत. पेटी जशी यायची तशीच रिकामी जायची.

शेवटी मामलेदाराचा निरोप आला. ज्या गावचं माणूस मताला नदी उतरत नाही, त्या गावाला होडी कशाला? यंदा कुणी आलं नाही, तर होडी मोडून फळ्या सरपणाला.

 मग येसूआत्यानं पदर खोचला.

मताच्या सकाळी ती हरबाजीच्या ओट्यावर गेली. हरबाजी म्हणजे छत्रीवाल्यांचा पुढारी, दारातून आडवा होऊन बाहेर येणारा. त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "तात्या, घागरवाले निघाले हो! पेटी गळ्यापर्यंत भरणार म्हणतात." तिथनं तडक सोनबाकडं. सोनबा घागरवाल्यांचा म्होरक्या, काडीपैलवान, आणि हरबाजीचा व्याही. आपल्या पोरीच्या लग्नात हरबाजीनं पातळ आमटी वाढली, ह्यावरून दोघांत अबोला. सोनबाच्या कानातही तिनं तेच सांगितलं, फक्त घागरीच्या जागी छत्री घालून.

झालं! दोन्ही आळ्या धापा टाकत काठावर, आणि एकमेकांना बघून गार. पण आता मागं फिरायचं कुणी?

"आम्हाला आधी ने," हरबाजी गुरगुरला.

"जमायचं नाही तात्या. एका अंगानं भरली की कलते ती. छत्री डावीकडं, घागर उजवीकडं. नसेल पटत तर सगळे घरी!"

अख्खं गाव एका होडीत कसं मावलं, ते विचारू नका. मावलं, असं म्हणतात.

मध्यावर हरबाजीला राहवेना. उठून ओरडला, "सोनबा, यंदा गावाचा कल आमच्याकडं!" म्हणेस्तोवर होडी खरंच त्याच्याकडं कलली. "कसला तुमच्याकडं!" म्हणत घागरवाले दुसरीकडं रेलले. होडी झोके खाऊ लागली. पाण्यात देवळाएवढा भोवरा उठला. येसूआत्याच्या हातचं वल्हं त्यानं काडीसारखं ओढून नेलं.

"आत्या, काहीतरी कर!"

"आजवर सगळ्यांच्या कलानं घेतलं, म्हणून ही पाळी आली!" येसूआत्या कडाडली. "धरा समोरच्याचा हात!"

हरबाजीनं डोळे मिटून हात पुढं केला. सोनबानं तो धरला.

"व्याही, सोडू नका हो!"

"आधी आमटीचं बोला!"

"पातळ होती! पाणीच होतं ते! चुकलो!"

हे ऐकून भोवऱ्यालाही हसू आलं आणि तो मिटला, असं म्हणतात. होडी परातीसारखी सपाट झाली आणि वल्ह्याशिवाय आपली आपण पलीकडच्या काठाला लागली.

उतरलेली माणसं हसत होती की रडत होती, कळेना. पेटी इतकी भरली की झाकण बसेना. मामलेदारानं होडी मोडायचा हुकूम तिथंच फाडला. येसूआत्या होडीच्या पुढच्या टोकाला गाल लावून कितीतरी वेळ बसून राहिली. निवडून कोण आलं? ते कुसळीत आज कुणालाही आठवत नाही.

आता पूल झालाय, पेटी शाळेतच येते. होडी शाळेच्या दारात ठेवलीय. मताच्या दिवशी आधी तिच्यात बसायचं, समोर दुसऱ्या आळीचं माणूस, हातात हात. एक जण विचारतो, "कल कुणीकडं?" सगळे ओरडतात, "मधोमध, आत्या!" मगच आत जायचं.

आणि जो मत न देताच घरी सटकतो, त्याच्या घराच्या दिशेनं ती होडी दुसऱ्या दिवशी कललेली दिसते, असं म्हणतात. आपोआप कलते की कुणी ढकलतं, ते मात्र कुसळीत विचारायचं नसतं.