सरदार ओदोंचा नवा रिवाज

फार जुन्या काळी फ्रान्समधल्या एका खेड्यात लेखी कायदा नव्हता. एकदा घडलं की तो रिवाज झाला, असं सरदार ओदों म्हणत. गेल्या वर्षी गावकऱ्यांनी हौसेनं त्यांना घरटी एक बदक भेट दिलं होतं. यंदा त्यांनी भर सभेत तेच हक्कानं मागितलं.  एर्मेलीन म्हातारीकडे अंडी देणारं एकच बदक उरलं होतं.

ती उठून म्हणाली, "देते की, सरकार. पण रिवाज पाळायचा तर अख्खा पाळू या. ती बदकं आम्ही तुमच्या लग्नात दिली होती. यंदाची नवरी कोण, तेवढं सांगा."

शेजारी बसलेल्या बाईसाहेबांनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"राहू द्या," ओदों घाईघाईनं म्हणाले, "ज्याचं बदक त्याच्याच घरी बरं."