हरलेल्या वर्षांचा वस्ताद

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजेसुद्धा कुस्ती बघायला जमिनीवर मांडी घालून बसत.

एका राज्यात एक मोठं विद्यापीठ होतं. तिथल्या म्हाताऱ्या आचार्यांना आपल्या तालमीचा भारी अभिमान. अडचण एवढीच, की शेजारच्या राज्याशी दरवर्षी दंगल व्हायची आणि दरवर्षी आपली पोरं चीतपट व्हायची.

हरलं की वस्तादाला नारळ द्यायचा, अशी तिथली रीत. नवा वस्ताद आला की आधी आखाड्यातली जुनी माती उपसून फेकायचा आणि आपल्या गावची भरायचा. मग जुन्या वस्तादाचे डावही तसेच फेकून द्यायचा. नऊ वर्षांत नऊ वस्ताद झाले. पोरांना एक डाव धड येईल तर शपथ!

दहावा वस्ताद आला. त्याने माती उपसली नाही, नुसती मूठभर घेऊन हुंगली.

"आचार्य, माती कच्ची आहे. तेल, ताक, हळद मुरायला तीन वर्षं लागतील. पोरांनाही तेवढीच लागतील. द्याल?"

"दिली," आचार्य म्हणाले.

पहिल्या वर्षी पोरं हरली. दुसऱ्या वर्षीही हरली. राजा खवळला.

"आचार्य, उद्यापर्यंत वस्ताद बदला, नाहीतर मी आचार्य बदलतो!"

सारा जन्म आचार्यांनी त्या विद्यापीठात घालवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे ते जड पायांनी तालमीत गेले. वस्ताद अजून यायचा होता, तरी पोरं आपणहून सराव करत होती. एक थोरला धाकट्याची पकड सोडवून पुन्हा नीट बसवत होता, अगदी वस्तादाच्याच शब्दांत समजावत. असं त्या तालमीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आचार्य तसेच दरबारात गेले.

"महाराज, वस्ताद राहील. पुढच्या दंगलीत हरलो, तर आम्ही दोघंही जाऊ."

राजा म्हणाला, "बघू."

तिसऱ्या वर्षी नऊपैकी सात कुस्त्या आपल्या पोरांनी मारल्या. आचार्यांची छाती अभिमानाने फुगली आणि डोळ्यांचं पाणी काही केल्या थांबेना.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या राजाची पालखी वस्तादाला न्यायला दारात आली. आचार्य वस्तादाला म्हणाले, "मोठा मान आहे. जा बाबा, मी अडवणार नाही."

वस्तादाने पालखीला लांबूनच नमस्कार केला. भोयांना म्हणाला, "तुमच्या महाराजांना सांगा, जिंकलेल्याला बोलावणं सगळेच धाडतात. मी हरत होतो, तेव्हा या म्हाताऱ्याने माझ्यासाठी आपली गादी पणाला लावली. मी इथेच बरा."

रिकामी पालखी परत गेली. आपल्या राजाने त्याच दिवशी नारळाची रीत मोडली. पुढे त्या तालमीतली पोरं राज्याराज्यांत वस्ताद झाली, आणि कुठून आलात असं कुणी विचारलं, की मान ताठ करून विद्यापीठाचं नाव सांगू लागली.

तात्पर्य : पडत्या काळात गुरूच्या पाठीशी उभं राहावं, म्हणजे चढत्या काळात तो सोडून जात नाही.